बर्फातून वाळूत आलेला ड्रायव्हर

राजन बऱ्हाटेला मुलाखतीत जो प्रश्न विचारला गेला, तोच पुढे कित्येक वर्षं लोक त्याला गमतीने विचारत राहिले. दुबईतलं ऑफिस, एसीचा गारठा, समोर तिघं बसलेले. त्यातल्या एका पिकल्या केसांच्या इंग्रज साहेबाने त्याची फाइल चाळली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मिस्टर बऱ्हाटे, तुम्ही सात वर्षं काश्मीरमध्ये बर्फातून गाड्या चालवल्यात. इथे वाळवंट आहे. तुमच्या या अनुभवाचं आम्ही करायचं काय?"

राजन म्हणाला, "सर, बर्फ नुसता वरून पडला तर इंजिन त्याला बाजूला सारत जातं. वारा सुटला की तो तोच बर्फ उचलून एका जागी आणून टाकतो आणि गाडी तिथे अडकते. रूळ बंद करतो तो वारा. तुमच्याकडे वारा आहे ना?"

"भरपूर."

"मग माझ्यासाठी काम आहे."

नोकरी मिळाली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, लोको शेडमधल्या फिटरचा हा मुलगा बायको अपर्णा आणि दहा वर्षांची लेक तनया यांना घेऊन अमिरातीत आला. नातेवाइकांनी टिंगल केली. कुठे ते काश्मीरचं काझीगुंड, कुठे हे वाळवंट! राजनला मात्र आपण फार लांब आलोय असं वाटलं नाही. इंजिन तेच, ब्रेक तेच, आणि समोर पांढऱ्याऐवजी तांबूस काहीतरी उडत होतं, एवढंच.

या भ्रमातून त्याला पहिल्याच हिवाळ्यात बाहेर काढलं ते हमदुल्लाने. हमदुल्ला रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचा मुकादम, बर्फाळ पाराचिनारकडचा पठाण, वयाने राजनपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. दक्षिणेकडच्या मार्गावर दोघं एक रिकामं इंजिन घेऊन तपासणीला निघाले होते. पुढे रुळांवर गुडघाभर वाळूचा ढीग दिसला. राजनने काश्मिरी सवयीने हिशेब केला, वीसच्या वेगाने गेलो तर फोडून पलीकडे जाऊ. त्याने हँडल पुढे सरकवायला हात घातला आणि हमदुल्लाने त्याचं मनगट धरलं.

"साब, ये बर्फ नहीं है. मैंने दोनों देखा है. नीचे आओ."

त्याने राजनला खाली उतरवलं, हातात फावडं दिलं आणि ढिगात मारायला सांगितलं. वरची वीतभर वाळू भुसभुशीत निघाली. त्याखाली फावडं ठण्णकन वाजलं. रात्रीच्या धुक्याने वाळू भिजली होती, उन्हाने वाळली होती, पुन्हा भिजून पुन्हा वाळली होती. खाली जवळजवळ फरशी तयार झाली होती. बर्फ दाबला की दबतो, चाकाखाली चुरतो. ही दबली नसती. चाक तिच्यावर चढलं असतं आणि रूळ सोडून खाली आलं असतं.

राजनने फावडं परत दिलं. "हमदुल्लाभाई, मला शिकवा," तो म्हणाला. आणि तीन हिवाळे तो त्या माणसाकडून शिकला. वाळू जमिनीलगत धुरासारखी सरपटते तेव्हा ती प्रवासात असते, तिची भीती नाही. ती दिसेनाशी होते तेव्हा ती कुठेतरी बसलेली असते. ती जागा शोधायची. हे सगळं राजनने एका वहीत लिहून काढलं, शेजारच्या पानावर बर्फाचं काय होतं तेही लिहिलं. दोन्ही पानं जिथे जुळत होती तिथे त्याने रेघ मारली. जिथे जुळत नव्हती तिथे दोन रेघा मारल्या.

पुढे फुजैराच्या डोंगरातल्या खाणींपासून जबल अलीच्या बंदरापर्यंत दगडाच्या मालगाड्या सुरू झाल्या तेव्हा राजनला तिथे ट्रेनर म्हणून आणि हमदुल्लाला त्याच्या गँगसह पाठवलं गेलं. बऱ्हाटे कुटुंब फुजैराला राहायला गेलं. मराठी घरं तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अपर्णाला एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली आणि राजनला एक वर्ग मिळाला, नवशिक्या ड्रायव्हरांचा. त्यांना वारा कसा समजवायचा, हा प्रश्न त्याने स्वयंपाकघरात सोडवला. लाकडी पट्ट्यांचा छोटा रूळमार्ग, दोन बाजूंना पुठ्ठ्याच्या टेकड्या, एक टेबलफॅन आणि वाळूऐवजी रवा. बारीक रवा वाऱ्याने थेट वाळूसारखा सरपटतो, हे त्याला तिथेच सापडलं.

"या महिन्यातला हा चौथा पुडा," अपर्णा म्हणाली. "लोकांच्या घरी रव्याचे लाडू होतात. आपल्याकडे रव्याचं वादळ होतं."

"बाबा, यू आर इम्पॉसिबल," तनया लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, आणि तरीही फॅनचा स्पीड तिनेच एकवरून दोनवर केला, कारण एकवर टेकडीमागे नीट ढीग होत नव्हता.

त्या वर्गात यम्ना होती. डिब्बाची, म्हणजे समुद्राकाठच्या गावची अमिराती मुलगी, सव्वीस वर्षांची. इंजिनीअरिंग करून आलेली, बोलायला कमी, बघायला जास्त. तिच्या घरी तीन पिढ्या मासेमारी. आजोबा पाण्याचा रंग बघून बोट काढायची की नाही ते ठरवत, असं तिने एकदा सांगितलं होतं. हिंदी तिला बऱ्यापैकी यायची, त्यामुळे तिचं आणि राजनचं बोलणं इंग्रजी-हिंदीच्या मिसळीत चालायचं. ती त्याला मिस्टर राजन म्हणायची.

फेब्रुवारीत तिची शेवटची परीक्षा लागली. भरलेली गाडी खाणीपासून बंदरापर्यंत एकटीने न्यायची. शेजारच्या खुर्चीत परीक्षक म्हणून राजन. नियम साधा होता. परीक्षकाने बोलायचं नाही, खूण करायची नाही. त्याने कंट्रोलला हात लावला किंवा सूचना केली तर परीक्षा रद्द, आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

त्या आठवड्यात शमाल सुटला होता. वायव्येकडून येणारा हा हिवाळी वारा दोन दिवस थांबला नव्हता. सकाळी सहाला गाडी निघाली तेव्हा डोंगरात हवा थंड आणि स्वच्छ होती. पुढे दोन इंजिनं, मागे दगडाने भरलेल्या अठ्ठ्याहत्तर वाघिणी, लांबी एक किलोमीटरच्या वर. यम्नाने बोगदे पार केले, उतारावर ब्रेक हलकेच तपासून घेतला. राजनने वहीत टिकमार्क केला. अशी गाडी हाताळायला काहींना वर्ष लागतं.

डोंगर संपले आणि तांबड्या वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या. समोरची काच धुरकट झाली. रेडिओवर कंट्रोल रूममधून अंकुरचा आवाज आला. अंकुर पुण्याचा, कंट्रोलर होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. रेडिओवर सगळं इंग्रजीत बोलायचा आणि फोनवर राजनशी मराठीत. "रूळ साफ करणारी गाडी पाच वाजता तुमच्या पुढच्या सेक्शनमधून गेली. मार्ग मोकळा आहे. साठचा वेग ठेवा."

"समजलं," यम्ना म्हणाली. आणि तिने वेग चाळीसवर आणला.

राजनने तिच्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. पुढे एक लांब कटिंग होतं, म्हणजे टेकडी मधोमध खोदून रूळ घातलेली जागा, दोन्ही बाजूंना उंच कडा. त्याच्या अलीकडे रूळ डावीकडे वळत होते, त्यामुळे आतलं दिसत नव्हतं. यम्नाने वेग वीसवर आणला. मग ब्रेक लावला. अठ्ठ्याहत्तर वाघिणी एकामागून एक कुरकुरत थांबल्या.

अंकुरचा आवाज लगेच आला. "का थांबलात? मागे दुसरी गाडी येतेय."

यम्नाने माइक हातात घेतला. "टेकडीच्या उजव्या बाजूने वाळू आत जातेय. डाव्या बाजूने बाहेर पडताना दिसत नाहीये. ती आतच साचतेय. मला पुढे चालत जाऊन बघायचंय."

रव्याने, पुठ्ठ्याच्या टेकड्यांवर राजनने नेमकं हेच दाखवलं होतं, पण ते वर्गात. इथे घड्याळ चालू असताना, कंट्रोल 'मोकळं आहे' म्हणत असताना, परीक्षक गप्प असताना हे बघायला आणि गाडी थांबवायला वेगळी धमक लागते.

दोघं गॉगल आणि तोंडावर फडकी बांधून उतरले. वळणापलीकडे तीनशे पावलांवर रूळ नव्हतेच. म्हणजे होते, पण दिसत नव्हते. साठ-सत्तर मीटर लांबीचा, मधोमध कमरेएवढा ढीग त्यांच्यावर बसला होता. सूर्य उगवल्यावर वाऱ्याने दिशा जराशी बदलली होती आणि पाच वाजता साफ झालेलं कटिंग अडीच तासांत भरलं होतं. कोणाचीच चूक नव्हती. यम्नाने बुटाने ढीग उकरला. वीतभर खाली कडेवरून ढासळलेल्या जुन्या वाळूची कडक ढेकळं लागली. साठच्या वेगाने त्या वळणावरून आत शिरलं असतं तर ब्रेक लावायलाही वेळ मिळाला नसता.

मग हातातल्या रेडिओवर तिने ढिगाची लांबी, उंची, खुणेचा दगड, सगळं क्रमाने सांगितलं. अंकुर म्हणाला, "हमदुल्लाच्या गँगला लोडर घेऊन पाठवतोय. तीन तास लागतील. तुम्ही आहात तिथेच उभे राहा."

आणि इथे राजनला काझीगुंड आठवलं.

ती जानेवारीतली दुपार होती. तीनशे प्रवाशांची गाडी, पुढे सिग्नल लाल, आणि तो एका कटिंगमध्ये शिस्तीत उभा राहिला होता. आहे तिथेच थांबायला सांगितलं होतं, तो थांबला. वारा वाहत होता, बर्फ उडत होता, पण रूळ मोकळे होते. त्याला वाटलं, थांबण्यात काय धोका? दोन तासांनी सिग्नल हिरवा झाला तेव्हा गाडी हलली नाही. उभी गाडी म्हणजे वाऱ्याच्या वाटेतली भिंत. भिंतीच्या आडोशाला जे बसायचं ते बसलं होतं, चाकांच्या आसापर्यंत. गँगमन नऊ तास खणत होते. आसपासच्या गावच्या बायकांनी प्रवाशांसाठी चहा आणि शेकायला कांगड्या आणल्या. एक म्हातारे गृहस्थ थंडीने निळे पडले होते. ते वाचले, पण त्यांचा चेहरा राजनच्या डोळ्यांसमोरून हलला नाही. वहीतल्या दोन पानांवर जिथे बर्फ आणि वाळू जुळत होते, तिथली सर्वांत जाड रेघ याच ओळीखाली होती.

त्यांची गाडी आत्ता टेकड्यांच्या मधे उभी होती. तीन तास म्हणजे फार.

पण तो बोलला तर यम्नाची परीक्षा गेली.

त्याला ठरवायला फारसा वेळ लागला नाही. त्याने छातीवरच्या खिशातून परीक्षेचा फॉर्म काढला, वाऱ्याकडे पाठ करून घड्याळ बघितलं आणि लिहिलं, सात वाजून बावन्न मिनिटं, परीक्षा समाप्त, उत्तीर्ण. खाली सही केली आणि कागद यम्नापुढे धरला.

तिने वाचलं. "पण मिस्टर राजन, मी गाडी बंदरात पोचवलीच नाही."

"ती नंतर पोचव. गाडी थांबवता येते का, ते मला बघायचं होतं. आता मी परीक्षक नाही, तुझा सहकारी आहे. आणि सहकारी म्हणून सांगतो, इथे उभं राहायचं नाही. मागे जायचं."

"मागे?"

"दोन किलोमीटर मागे उंच भराव आहे, आठवतो? रूळ जमिनीपेक्षा वर आहेत. तिथे वारा वाळूला बसू देत नाही, पलीकडे फेकतो. इथे उभे राहिलो तर गँगला आधी ढीग काढावा लागेल आणि मग आपल्याला."

अंकुर आधी तयार होईना. किलोमीटरभर लांबीची गाडी उलटी न्यायची म्हणजे शेवटच्या वाघिणीपाशी माणूस हवा, मागची गाडी रोखायला हवी, मंजुरी हवी. राजनने रेडिओ बाजूला ठेवून सरळ फोन लावला.

"अंकुर, मागची गाडी कुठे आहे?"

"बाजूच्या लूपमध्ये घेतोय, सर. पण उलटं न्यायचं म्हणजे..."

"ती लूपमध्ये शिरली की माझ्या मागे रूळ रिकामे. शेवटच्या वाघिणीपाशी मी स्वतः जातो. वेग चालण्याचा. अंतर दोन किलोमीटर. यात तुला काय खटकतंय ते सांग, त्याचं उत्तर देतो."

"सर, तुमचं वय..."

"त्रेपन्न. आणि रोज चार किलोमीटर चालतो. अजून काही?"

"नाही सर. वरिष्ठांची मंजुरी घेऊन दहा मिनिटांत सांगतो."

मंजुरी आठ मिनिटांत आली. तोवर राजन निम्मी गाडी मागे टाकून गेला होता. डोकं खाली घालून, एका हाताने वाघिणींच्या पोलादी कडेचा आधार घेत तो चालत होता. वाळू मानेवर सुयांसारखी टोचत होती. वाऱ्याकडच्या बाजूला पहिल्या काही वाघिणींच्या चाकांपाशी तांबडे उंचवटे धरू लागलेले त्याला दिसले, अजून मुठीएवढेच. शेवटच्या वाघिणीपाशी पोचून पायरीवर चढला तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती. त्याने दोन श्वास घेतले आणि रेडिओ तोंडाशी धरला.

"यम्ना, मी मागे आहे. मार्ग मोकळा. ये मागे, सावकाश. यल्ला, चल."

किलोमीटरभर पुढे, त्याला न दिसणाऱ्या केबिनमध्ये तिने हँडल हलवलं. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पुढून येणारा खडखडाट वाघिणीवाघिणीतून सरकत जवळ आला आणि त्याच्या पायाखालची पायरी हलली.

"छान. असाच वेग. रूळ दिसताहेत. असाच." दर दोनशे मीटरला तो बोलत होता. तिला मागचं काहीच दिसत नव्हतं, त्याला पुढचं काहीच दिसत नव्हतं, आणि गाडी मात्र एका माणसाने चालवावी तशी सरळ, एकसारखी मागे येत होती. एकदा उंटांचा कळप रुळांपाशी कुंपणाला टेकून उभा दिसला तेव्हा राजनने तिला थांबवलं, कुंपण शाबूत आहे का ते बघितलं आणि पुन्हा निघायला सांगितलं. पस्तीस मिनिटांनी शेवटची वाघीण भरावाच्या पार टोकाला पोचली आणि मागोमाग सगळी गाडी भरावावर येऊन उभी राहिली. वारा तिथे दुप्पट जोराचा होता, पण चाकांखालून शिट्टी घालत आरपार जात होता. रुळांवर कणभर वाळू टिकत नव्हती.

परत इंजिनापर्यंत चालत यायला राजनला अर्धा तास लागला. यम्नाने थर्मासमधला करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा त्याच्या हातात दिला. त्याचे केस, भुवया, मिशी सगळं तांबडं झालं होतं. ती हसू दाबायचा प्रयत्न करत होती.

"हस, हस," राजन म्हणाला. "काश्मीरमध्ये पांढरा व्हायचो. हा रंग बरा."

हमदुल्लाची गँग लोडर घेऊन पलीकडून आली. ढीग काढून, रूळ तपासून त्यांनी साडेअकराला मार्ग मोकळा केला. हमदुल्ला स्वतः मोजपट्टी घेऊन गाडी आधी उभी होती त्या जागेपर्यंत चालत गेला होता. तिथे आता रूळ बुडाले होते, तेही अर्धा किलोमीटर. गाडी गेल्यामुळे लोडरला सरळ फिरता आलं आणि ती वाळू चाळीस मिनिटांत निघाली. गाडी असती तर वाघिणींखालून हाताने काढावी लागली असती, आणि ते काम दोन दिवसांचं होतं. त्याने रेडिओवर एवढंच सांगितलं, "बऱ्हाटे साब, सही किया. बच्ची ने भी."

यम्नाने गाडी पुन्हा चालू केली. कटिंगमधून ती दहाच्या वेगाने गेली, पुढे हळूहळू वेग वाढवला आणि दुपारी अडीचला जबल अलीच्या यार्डात गाडी नेमक्या जागी उभी केली. राजन शेजारी बसून होता. त्याने वाटेत तिला फक्त पाण्याची बाटली दिली.

ऑफिसात मात्र प्रश्न निघालाच. परीक्षा अर्ध्या वाटेत कशी काय संपली? विभागप्रमुखाने राजनला बोलावलं. हा साहेब वर्षभरापूर्वीच आला होता आणि कागदांच्या बाबतीत कडक होता.

"तुम्ही हस्तक्षेप केला का, बऱ्हाटे? हो किंवा नाही."

"केला. सात बावन्ननंतर."

"आणि परीक्षा?"

"सात बावन्नला संपली. वेळ फॉर्मवर आहे, रेडिओच्या रेकॉर्डिंगवर तिचं थांबणं त्याच्या आधीचं आहे. मी तोवर एक शब्द बोललो नाही. मला जे तपासायचं होतं ते तपासून झालं होतं. कंट्रोल पुढे जा म्हणत असताना ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून थांबली. यापेक्षा अवघड परीक्षा तुमच्या पुस्तकात असेल तर दाखवा, तिला तीही देऊ."

साहेबाने रेकॉर्डिंग ऐकलं, दोनदा. मग फॉर्मवर सही केली आणि म्हणाला, "उभी गाडी मागे घेण्याचं जे केलंत, ते नियमांत नाही. लिहून द्या."

राजनने लिहून दिलं, एक परिच्छेद. त्याचं पहिलं वाक्य यम्नाच्या निरीक्षणाचं होतं आणि तिच्याच नावाने होतं. दुसरं हमदुल्लाच्या कडक वाळूचं. तिसरं त्याचं स्वतःचं, काझीगुंडचं. साहेबाने नावं काढायला सांगितली. नियमावलीत नावं नसतात, म्हणाला. राजनने ती काढली, पण तिघांनी मिळून केलेला तो परिच्छेद आता त्या मार्गावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ करावा लागतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यम्ना पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाली. त्या दिवशी राजनची सुट्टी होती. अपर्णाने वांग्याचं भरीत केलं होतं, आता दुबईत शिकणारी तनया मैत्रिणीला घेऊन जेवायला आली होती. राजनचं लक्ष फोनकडे आहे हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी तसं म्हणत नव्हतं. दोनच्या सुमारास फोन वाजला. अंकुर होता.

"सर, तिची गाडी यार्डात लागली. वेळेच्या सहा मिनिटं आधी."

"सहा मिनिटं आधी?" राजनने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हणजे कुठेतरी जोरात नेली तिने. उतारावर असणार. उद्या विचारतो."

"सर, वेग सगळीकडे मर्यादेतच आहे. मी बघितलं."

"तरी विचारतो," राजन म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.